कायमचा पत्ता

आमच्या बँकेत बदलीचा हुकूम बहुधा एप्रिलच्या अखेरीस यायचा. मुलांच्या परीक्षा नुकत्याच संपलेल्या असायच्या, गच्चीवर कुरडया वाळत असायच्या आणि अशा वेळी चार ओळींचा तो कागद खिशात घालून मी घरी यायचो. कुठून कुठे, कोणत्या तारखेला हजर व्हायचं आणि सामानाच्या वाहतुकीचा खर्च कोणत्या नियमाखाली मिळणार, एवढंच त्यात असे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अशा नऊ बदल्या झाल्या. ट्रकमध्ये आधी कपाट, मग पलंग, मग पिंपं आणि सर्वांत शेवटी, केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी, तुळशीची कुंडी. शेजारीपाजारी निरोप द्यायला फाटकाशी जमत आणि कुणीतरी हमखास म्हणे, 'काय साहेब, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!' अशा वेळी हसायचं असतं. मी हसत असे.

निवृत्तीनंतर ते बिऱ्हाड पाठीवरून एकदाचं उतरलं, असं मी धरून चाललो होतो. पण २०२४ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा चढलं, आणि तेही अमेरिकेत. माझी मुलगी वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनिया राज्यात राहते. तिनं आणि जावयांनी एक जुना, लहानसा कॅम्पर घेतला आहे. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. तिला इंजिन नाही. मोटारीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत एक पलंग, जेवणाचं टेबल उलगडलं की दुसरा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, बोटभर मोरी आणि सगळीकडे कप्पेच कप्पे. आमच्या सौभाग्यवतींनी आत शिरून एकदा चौफेर नजर टाकली आणि निकाल दिला, 'अहो, आपल्या गिरगावातल्या आत्याबाईंची खोली याहून लहान होती. आणि तिथं नऊ माणसं होती.' इथं आम्ही पाचच. आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि आठ वर्षांची नात.

बेत शनिवार-रविवारचा होता. शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानातून, ब्लू रिज डोंगराच्या माथ्यावरून, १०५ मैलांचा एक रस्ता जातो. त्याचं नाव स्कायलाइन ड्राइव्ह. ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरीपर्यंत तिथली झाडं रंग बदलतात आणि ते पाहायला माणसांची रीघ लागते. मुक्कामाची जागा मुलीनं कित्येक महिने आधीच राखून ठेवली होती.

शनिवारी पहाटे गाडी जोडायचा कार्यक्रम झाला. मोटारीच्या मागच्या बाजूला लोखंडी गोळा, कॅम्परच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी, खालून दोन साखळ्या एकमेकींना आडव्या, आणि कॅम्परचे दिवे-ब्रेक चालावेत म्हणून एक वायर. मी पुस्तकांची पिशवी, तांदूळ आणि पाण्याचे कॅन मागच्या कप्प्यात ठेवत होतो, तर मुलगी ओरडली, 'बाबा, जड सामान मागे नको! पुढे ठेवा.' कारण विचारल्यावर तिनं हिशेब सांगितला. कॅम्परच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर यावा लागतो. मागे जास्त झालं, की वेग घेतल्यावर कॅम्पर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि प्रसंगी मोटारीलाही फिरवून टाकतो. मी म्हणालो, 'म्हणजे गाडी उलार होते.' तो शब्द तिला ठाऊक नव्हता. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला आपल्याकडे गाडी उलार होणं म्हणतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'चला, म्हणजे तुम्हाला येतंय की सगळं.'

फ्रंट रॉयल या गावापाशी उद्यानाचं फाटक आहे आणि तिथं मैलाचा शून्य क्रमांकाचा दगड. पुढे वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर. मालट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत. दर थोड्या अंतरावर गाडी बाजूला घेऊन दरी पाहायची सोय. अशा सत्तरच्या आसपास जागा आहेत. पश्चिमेला शेनन्डोआ नदी वळसे घेत जाते, पूर्वेला टेकड्या हळूहळू सपाट होत जातात. डोंगर उंचीनं फार नाहीत. सगळ्यांत उंच हॉक्सबिल शिखर १,२३५ मीटर; आपलं महाबळेश्वर याहून उंच. पण रंग! ट्यूलिप पॉपलर आणि हिकरी पिवळेधमक, मेपल लाल, ओक विटकरी आणि तांबूस. आपल्याकडे पानगळ फाल्गुनात, उन्हाच्या तडाख्याबरोबर येते. इथं ती थंडीच्या आधी येते. दिवस लहान झाला की झाड पानांतली हिरवी द्रव्यं मोडतं आणि त्यातलं कामाचं तेवढं खोडात परत घेतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेल्यावर दिसू लागतो. लाल मात्र बहुतेक नव्यानं तयार होतो. आयुष्यभर वर्षअखेरीचे हिशेब केलेल्या माणसाला हे चटकन समजलं. झाड खातं बंद करण्याआधी शिल्लक काढून घेतं.

बत्तिसाव्या मैलानंतर मेरीज रॉक नावाचा बोगदा लागतो. १९३२ साली अखंड खडक फोडून काढलेला, सहाशे फुटांहून लांब. बाहेर उंचीची पाटी आहे: १२ फूट ८ इंच. आमचा कॅम्पर त्याहून चांगला ठेंगणा, तरी आत शिरताना आम्ही पाचही जणांनी माना खाली घातल्या. रस्त्याच्या कडेनं दगडी कठडे आहेत. ते पुष्कळसे १९३३ नंतरच्या मंदीच्या काळात सरकारनं कामावर घेतलेल्या बेकार तरुणांनी रचले. त्या पोरांना महिन्याला तीस डॉलर मिळत आणि त्यांतले पंचवीस परस्पर घरी पाठवले जात. आवर्ती ठेवीची सक्तीच म्हणा ना. जावयांनी ही माहिती वाचून दाखवली तेव्हा मला त्या सरकारविषयी फार आदर वाटला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

दुपारी बिग मेडोज या मुक्कामी पोहोचलो आणि खरी परीक्षा आली. कॅम्पर ओढणं सोपं. तो उलटा मागे नेऊन जागेवर लावणं कठीण. कॅम्परचं बूड उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. जावई पुढे, मी मागे आणि मुलगी चाकावर. मला एकदम हुरूप आला. आमच्या सामानाच्या ट्रकमागे उभा राहून हाका घालणारा क्लीनर मला आठवला आणि त्याच सुरात मी ओरडू लागलो, 'येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगानं, अजून, अजून... बास!' शेजारच्या तंबूतलं गोरं जोडपं खुर्च्या वळवून बघत बसलं. चौथ्या खेपेला कॅम्पर जागेवर बसला, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. 'आजोबा, तुम्ही आधी ट्रकवर काम करायचात?' नातीनं विचारलं.

कोजागिरी त्या आठवड्यात बुधवारीच होऊन गेली होती. आम्ही ती शनिवारी साजरी केली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांवर, कडाक्याच्या थंडीत, शेकोटीभोवती बसून केशरी दूध. चंद्र तीन दिवसांचा शिळा, पण झाडांमागून वर आला तेव्हा कुणाचीही तक्रार राहिली नाही. या रानात अस्वलं आहेत, म्हणून खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही असा नियम आहे. चिवड्याचा डबासुद्धा आम्ही आत कुलपात ठेवला होता. नात दमून झोपी गेली. आणि मग, कसलीही प्रस्तावना न करता, मुलगी बोलू लागली.

'बाबा, हा कॅम्पर मी का घेतला, सांगू? दहावीपर्यंत मी सहा शाळा केल्या. प्रत्येक शाळेच्या फॉर्मवर कायमचा पत्ता असा रकाना असायचा. तुम्ही त्यात गावचा पत्ता लिहायचात. त्या घरात मी आयुष्यात सगळे मिळून महिनाभरसुद्धा राहिलेली नाही. मला वाटायचं, आपण खोटं लिहितोय आणि कुणीतरी पकडणार.' ती हसली, पण फारसं नाही. 'सातवीत होते तेव्हा मला ते गाव सोडायचं नव्हतं. मैत्रिणी होत्या, नाटकात काम मिळालं होतं. पण तुम्हाला बढती मिळाली होती. आईनं पेढे आणले आणि म्हणाली, बाबांना दे. मी दिला.'

मी बायकोकडे पाहिलं. माझी बाजू घेण्याची तिची जुनी सवय आहे. तिनं शेकोटीत एक ढलपी सारली आणि म्हणाली, 'मला तरी कुठं विचारलं होतं?'

कर्जाच्या कागदावर जामीनदाराची लेखी संमती असल्याशिवाय मी कधी एक रुपया सुटू दिला नाही. सही जुळत नाही म्हणून लोकांना तीन-तीनदा परत पाठवलं आहे. आणि नऊ वेळा घर हलवलं, तर घरातल्या एकाही माणसाची संमती मी विचारली नव्हती. पगार वाढणार होता, मुलांचंच भलं होणार होतं. विचारायचं काय त्यात? त्या रात्री उलगडलेल्या टेबलावर मी पुष्कळ वेळ जागा होतो. छतावर पानं पडत होती. पत्र्यावर पान पडल्याचाही आवाज होतो, हे मला नव्यानं कळलं.

रविवारी सकाळी मुक्कामाजवळच्या माहिती केंद्रात गेलो. अस्वलाचं, हरणाचं काहीतरी असेल अशा समजुतीनं गेलो होतो. ते होतंच, पण उद्यान कसं झालं तेही तिथं मांडून ठेवलेलं आहे. हा डोंगर पूर्वी रिकामा नव्हता. इथं माणसं राहत होती. सफरचंदाच्या बागा, मक्याची शेतं, गुरं, चर्च, दफनभूमी. १९२८ साली व्हर्जिनिया राज्यानं खास कायदा करून या जमिनी सक्तीनं ताब्यात घ्यायची सोय केली आणि पुढे त्या केंद्र सरकारच्या हवाली केल्या. १९३५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी याच बिग मेडोजवर त्याचं लोकार्पण केलं. सुमारे पाचशे कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला. जे कुळं म्हणून किंवा नुसतेच पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांना काही नाही. त्यांची घरं पाडली, कित्येक जाळली. मोजक्या म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिलं. त्यांतली शेवटची बाई १९७९ साली गेली. पर्यटकांना सौंदर्य पाहता यावं म्हणून हा रस्ता बांधला जात होता, त्या वर्षांतच ही माणसं खाली उतरवली जात होती. आदल्या दिवशी कौतुक केलेल्या कठड्यांकडे मला पुन्हा तसं पाहता आलं नाही.

या डोंगरी लोकांनी १९३४ ते १९३८ या काळात उद्यानाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रं जपून ठेवलेली आहेत. कॅट्रिना पॉवेल या संशोधिकेनं ती संपादित केली आणि २००९ साली त्यांचं पुस्तक निघालं. आयुष्यभर अर्ज वाचत आल्यामुळे असल्या पत्रांकडे माझं लक्ष लगेच जातं. त्यांच्या मागण्या काय आहेत? उभं पीक काढून नेऊ द्या. सरपण गोळा करू द्या. मोडलेल्या घरांचं लाकूडसामान नेऊ द्या. कालपर्यंत जे आपलंच होतं त्यासाठी आज परवानगी मागायची, तीही अदबीनं. असा अर्ज मी एकदा पाहिला आहे, माझ्याच टेबलावर.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान शाखेत होतो. धरणात गेलेल्या गावांतली माणसं मोबदल्याचे चेक घेऊन यायची आणि आम्ही ठेवी गोळा करायला टपलेलो असायचो. एक म्हातारे गृहस्थ आले. चेक बरा होता. मी चहा मागवला, फॉर्म पुढे केला. त्यांना लिहिता येत नव्हतं म्हणून मीच विचारत भरत गेलो. नाव, वय, वारस. मग रकाना आला. 'बाबा, कायमचा पत्ता सांगा.' म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, 'सायेब, ते पान्यात हाय. लिवा की.' माझ्या क्लार्कला हसू आलं. मी घाईनं वसाहतीचा पत्ता लिहिला, अंगठा घेतला आणि पुढचा माणूस बोलावला. त्या वर्षी ठेवींचं उद्दिष्ट आम्ही वेळेआधी पूर्ण केलं आणि मला शाबासकीचं पत्र आलं. माझ्या पुढच्या बढतीत त्या पत्राचा वाटा होता. म्हणजे सातवीतल्या मुलीनं मला दिलेल्या पेढ्यातही.

गैरसमज नको. मी धरणांच्या विरोधात नाही आणि अभयारण्यांच्याही नाही. कोयनेच्या विजेवर आपण वाढलो. शेनन्डोआतलं रान ऐंशी-नव्वद वर्षांत पुन्हा दाट झालं, म्हणूनच आम्हाला ते रंग दिसले. बदलीही काही पाप नव्हे. बदलीनं मला माणसं दिली, मराठीच्या नऊ तऱ्हा कानावर घातल्या, कादंबऱ्या दिल्या. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडण्यात खरोखर मोठा आनंद आहे, हे मी त्या दोन दिवसांनंतर शपथेवर सांगेन. पण तो आनंद दोन अटींवर मिळतो. निघायचं की नाही ते आपण ठरवलेलं असावं आणि परतायला जागा असावी. या दोन अटी काढून घेतल्या की तेच बिऱ्हाड ओझं होतं. ते ज्याच्या पाठीवर असतं त्याला विचारायचं आपण विसरतो आणि उलट त्याच्याच फाटकाशी उभे राहून म्हणी ऐकवतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे. उद्या आपल्याकडचीही कुटुंबं असे कॅम्पर जोडून शनिवारी घाट चढतील, अवश्य चढावेत. ती थांबणार कुठे? जलाशयांच्या काठी आणि जंगलांच्या वेशीवर, कारण सुंदर जागा तिथंच आहेत. शिवसागराच्या पाण्यात बोटीनं फिरताना आपल्या पायाखाली गावं आहेत. मुळशीच्या पाण्याखालीही आहेत. त्या गावांसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्यात उतरले. कोयना आणि चांदोलीचं जंगल मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्याही आतून गावं उठली. कोयनेच्या विस्थापितांची कागदपत्रं आता त्यांची नातवंडं घेऊन हिंडत आहेत. ती आधी निकाली निघावीत, हे तर झालंच. पण त्याबरोबर एक अगदी स्वस्त काम करता येईल. जिथं जिथं पर्यटकांसाठी पार्किंग आणि चहाची टपरी होईल, तिथं उठलेल्या प्रत्येक गावाचं, वाडीचं नाव लिहिलेला एक दगड असावा. आपल्या मुलांनी भजी खाता खाता तो वाचावा.

अमेरिकेत तो दगड आम्ही पाहिला. स्विफ्ट रन गॅपपाशी उद्यानातून बाहेर पडलो. मुलीनं उतार लागण्याआधीच गिअर खाली घेतला. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ब्रेक तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं आपले ट्रकवाले सांगतात, तेच. मग जावयांनी वाट थोडी वाकडी करायला लावली आणि आम्ही मॅडिसन काउंटीत गेलो. उद्यानासाठी आठ काउंट्यांमधली जमीन गेली. तिथं विस्थापितांची स्मारकं उभारायचं काम पायथ्याच्या लोकांनी अलीकडे हाती घेतलं. मॅडिसनचं स्मारक २०१५ मधलं आहे. स्मारक म्हणजे एक दगडी धुराडं. घर जळालं तरी शेवटी उभं राहतं ते धुराडं, म्हणून. त्यावर उठलेल्या कुटुंबांची नावं आहेत. पुतळा नाही, तलवार नाही. नातीनं ती नावं एकेक करून मोठ्यानं वाचली आणि आम्ही चौघं ऐकत उभे राहिलो.

रात्री उशिरा घरी पोहोचलो. कॅम्पर घराशेजारी लावला, साखळ्या सोडल्या, चाकांखाली ठोकळे सारले. सगळे आत गेल्यावर मी मुलीला म्हणालो, 'सातवीत तुला विचारायला हवं होतं.' एवढंच बोलता आलं. चाळीस कादंबऱ्या वाचून आणि पाच लिहून माणसाला ऐन वेळी एवढंच सुचतं.

'हो, हवं होतं,' ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, 'विचारलं असतंत, तर मी जाऊया म्हणाले असते बहुतेक.'

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या महिन्यात कसला ना कसला बेत चालला असेल. नोकरीसाठी गाव सोडण्याचा, घर विकण्याचा, आईवडिलांना आपल्याकडे आणण्याचा किंवा मुलाला वसतिगृहात ठेवण्याचा. बेत चांगलाच असेल. तरीही ज्याचं सामान हलणार आहे त्याला एकदा समोर बसवून विचारा. उत्तर बहुतेक 'जाऊया' असंच येईल. पण ते त्याच्या तोंडून यायला हवं.